एका नदीचे चार फाटे

ॲडम, ईव्ह आणि सफरचंद! बायबल कधी हातात न धरलेल्यालाही एवढी गोष्ट माहीत असते. आता गंमत बघा. बायबलमधल्या त्या गोष्टीत सफरचंद नाहीच. नुसतं ‘फळ’ म्हटलंय. सफरचंद पुढे युरोपातल्या चित्रकारांनी आणि लॅटिन भाषेने चिकटवलं (लॅटिनमध्ये ‘मालुम’ म्हणजे सफरचंदही आणि वाईटही). जे नाही ते सगळ्या जगाला पाठ, आणि जे आहे त्याकडे कुणाचं लक्ष नाही. कारण त्याच गोष्टीत एदेन बागेचा चक्क पत्ता दिलेला आहे. नद्या, देश आणि खनिजांसकट!

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मॉरल सायन्सच्या तासाला ही गोष्ट वर्षातून एकदा तरी व्हायचीच. पण पत्त्याच्या त्या चार-पाच ओळी नेहमी गाळल्या जायच्या, कारण सगळ्या वर्गाला सापाची घाई. त्या ओळी मी नीट वाचल्या त्या आत्ता, सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला, इरिगेशनचं सबमिशन डोक्यावर असताना. वाचल्यावर देव आठवायच्या आधी हायड्रॉलिक्सचे सर आठवले. का, ते सांगते.

‘उत्पत्ती’ हे बायबलचं पहिलं पुस्तक. त्याच्या दुसऱ्या अध्यायात, दहा ते चौदा या वचनांत, हा पत्ता येतो. त्याचा सारांश असा: एदेनमधून एक नदी निघते, बागेला पाणी देते आणि तिथून पुढे तिचे चार फाटे होतात. पहिली पीशोन. ती हवीला नावाच्या देशाला वळसा घालते. तिथे उत्तम प्रतीचं सोनं, सुगंधी डिंक आणि मौल्यवान दगड सापडतात. दुसरी गीहोन, ती कूश देशाला वळसा घालते. तिसरी हिद्देकेल, अश्शूरच्या पूर्वेकडून वाहणारी. आणि चौथी फरात. चौथीपुढे एकही खूण दिलेली नाही. ‘स्टँडसमोर’ म्हटल्यावर आपण कुठला स्टँड ते सांगत बसतो का? तसंच. वाचणाऱ्याला फरात माहीत असणारच, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलंय.

शेवटच्या दोन सोप्या आहेत. हिद्देकेल म्हणजे तैग्रिस आणि फरात म्हणजे युफ्रेटिस. मेसोपोटेमियाचा धडा सगळ्यांनी शाळेत रट्टा मारलेला आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. दोघींचा उगम तुर्कस्तानच्या डोंगरात आणि संगम इराकमध्ये. संगमानंतर ‘शत्त-अल-अरब’ या नावाने त्या पर्शियन आखाताला मिळतात.

घोडं अडतं ते पीशोन आणि गीहोनपाशी. या नावांच्या नद्या आज कुठल्याच नकाशावर नाहीत. मग विद्वानांनी काय करावं? पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस सरळ सांगून मोकळा झाला, पीशोन म्हणजे आपली गंगा आणि गीहोन म्हणजे नाईल! त्याचं कारणही होतं. बायबलमध्ये इतरत्र ‘कूश’ म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेचा प्रदेश, तेव्हा तिथली नदी नाईलच. पण गंगा, नाईल आणि युफ्रेटिस यांचा उगम एकच कसा? यावर संत ऑगस्टीनने तोडगा काढला की या नद्या मध्ये जमिनीखालून जातात आणि दूर कुठेतरी पुन्हा वर येतात. व्हायवात उत्तर अडलं की आपणही असंच काहीतरी ठोकून देतो.

एकदा गाडी रुळावरून घसरली की ती कुठेही जाऊ शकते. १४९८ मध्ये तिसऱ्या सफरीत कोलंबस दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याला लागला. ओरिनोको नदीचं गोडं पाणी समुद्रात लांबवर घुसलेलं पाहून त्याने ठरवलं की एवढं पाणी स्वर्गाच्याच बाजूने येत असणार. पृथ्वी पूर्ण गोल नसून पेअरच्या फळासारखी आहे आणि तिच्या उंचवट्यावर ही बाग आहे, असंही त्याने लिहिलं. १८८१ मध्ये जनरल गॉर्डन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सेशेल्स बेटांवरची एक दरी पाहून एदेन सापडल्याचं जाहीर केलं. तिथला जोडनारळ हेच ते ज्ञानाचं फळ म्हणे! आणि १८८५ मध्ये बोस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी अख्खं पुस्तक लिहून ही बाग थेट उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवली. हसू नका. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथात याच वॉरनच्या पुस्तकाचा नावानिशी उल्लेख केलेला आहे. ध्रुवावरचा एदेन पुण्यापर्यंत पोचला तो असा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने हव्या त्या दोन खुणा उचलल्या आणि बाकीच्या सोडून दिल्या. खरं तर पत्त्यातली मुख्य खूण सोनंही नाही आणि फळही नाही, ती आहे नदीचं वागणं. एक नदी चार होते!

आपल्या हॉस्टेलच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतून एक मेन पाइप निघतो आणि चार विंगना चार फाटे जातात. हे माणसाने केलंय म्हणून होतं (नीट होतं का, ते डी विंगवाल्यांना विचारा). निसर्गात उलटं असतं. ओढे मिळून नदी होते, नद्या मिळून मोठी नदी होते. पाणी उतारावर एकत्र येत जातं, फुटत नाही. नदी फुटून तिच्या शाखा होतात त्या मुख्यतः दोन ठिकाणी. एक, सपाट त्रिभुज प्रदेशात, जिथे उतार संपतो आणि गाळ साचून प्रवाह वाट बदलत राहतो. दुसरं, कालव्याच्या मुखाशी, जिथे माणूस बांध घालून पाणी वाटून घेतो. उंच डोंगरात एका नदीच्या चार मोठ्या नद्या होणं जवळजवळ अशक्यच.

म्हणून तुर्कस्तानचा पर्याय मला पटत नाही. तो बराच लोकप्रिय आहे, कारण तैग्रिस आणि युफ्रेटिस दोघीही तिथेच उगम पावतात. तैग्रिसचा उगम हझार सरोवराजवळ आहे, आणि तिथून युफ्रेटिसचं वरचं खोरं अवघ्या तीसेक किलोमीटरवर. डेव्हिड रोल या इंग्रज लेखकाने १९९८ मध्ये हाच धागा पूर्वेकडे ओढून बाग इराणमधल्या तब्रीझजवळच्या खोऱ्यात ठेवली; गीहोनसाठी अरास नदी आणि पीशोनसाठी केझेल ओझन नदी सुचवली. चारही नद्यांचे उगम त्याच डोंगराळ पट्ट्यात, इथपर्यंत ठीक. पण उगम जवळ असणं आणि उगम एकच असणं यात फरक आहे. मध्ये डोंगराची धार आहे, म्हणजे वॉटरशेडची रेघ. तिच्या अल्याडचं पाणी पल्याड जात नाही.

मग आपण खाली मैदानात येऊ. १८८१ मध्ये फ्रीडरिश डेलिच या जर्मन पंडिताने ‘स्वर्ग कुठे होता?’ अशा सरळ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचं उत्तर होतं बॅबिलोनच्या थोडं उत्तरेला. बगदादच्या आसपास या दोन नद्या एकमेकींपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर येतात. शिवाय तिथे युफ्रेटिसची पातळी तैग्रिसपेक्षा उंच आहे, त्यामुळे प्राचीन काळापासून युफ्रेटिसमधून कालवे काढून पाणी नुसत्या उताराने तैग्रिसकडे नेलेलं आहे. पंप नको, काही नको. डेलिच म्हणाला, पीशोन आणि गीहोन हे असेच दोन मोठे कालवे असणार. आणि कूश म्हणजे आफ्रिका नव्हे, तर बॅबिलोनवर राज्य केलेल्या कॅसाइट लोकांचा देश, ज्यांना अक्कादी भाषेत ‘कश्शू’ म्हणत.

यापुढचा माणूस मात्र आपल्या बिरादरीतला आहे. सर विल्यम विलकॉक्स. जन्म १८५२, भारतात. शिक्षण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात, म्हणजे आजच्या आयआयटी रुरकीत. भारतातल्या कालव्यांवर काम करून हा इजिप्तला गेला आणि १९०२ मध्ये पूर्ण झालेलं नाईलवरचं अस्वानचं पहिलं धरण याच्याच डिझाइनचं. पुढे तुर्की सरकारने त्याला इराकचं पाणी मोजायला बोलावलं. युफ्रेटिसवरचा हिंदिया बराज, जो १९१३ मध्ये पूर्ण झाला, ही त्याच योजनेची देणगी. हा गृहस्थ दिवसा लेव्हलिंग करायचा आणि खिशात बायबल. त्याने एदेनचा प्रश्न पाटबंधाऱ्याचा प्रश्न म्हणून सोडवायला घेतला. बागेला बारमाही पाणी हवं, पण ती पुरात बुडता कामा नये; मग अशी जागा कुठली? त्याचं बोट युफ्रेटिसवरच्या हीत गावाच्या वरच्या अंगाला थांबलं. तिथे नदीच्या प्रवाहावरच फिरणाऱ्या मोठ्या रहाटांनी पाणी उचलून बागा पिकवत असत. आणि हीतच्या खालून सपाट मैदान सुरू होतं, जिथे नदीला फाटे फुटतात! १९१२ मध्ये त्याने लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात यावर लेख लिहिला. त्याचं उत्तर चूक असो की बरोबर, प्रश्न विचारण्याची ही पद्धत मला फार आवडली.

आता एक उलटी बाजू. हिब्रू मजकुरात ‘फाटे’ असा शब्द नाहीये, ‘डोकी’ असा आहे. नदीचं डोकं म्हणजे फाटा की उगम? १९५९ मध्ये एफ्राइम स्पायझर या अमेरिकन अभ्यासकाने मांडलं की वर्णन खालून वर वाचा. म्हणजे समुद्राच्या बाजूला उभं राहून वर बघितलं की एका नदीची चार ‘डोकी’ दिसतात, चार उपनद्या एकत्र येताना दिसतात. हे वाचल्यावर आमच्या हायड्रॉलिक्सचं समाधान होतं. पाणी पुन्हा नियमाने वागायला लागतं आणि बाग सरकते आखाताच्या डोक्याशी.

तिथे चार नद्या आहेत का? तैग्रिस, युफ्रेटिस तर आहेतच. पूर्वेकडून, इराणच्या डोंगरातून कारून येते. कॅसाइट लोक त्याच डोंगरांतले, म्हणून गीहोन म्हणजे कारून. राहिली पीशोन. पश्चिमेला सौदी अरेबियाचं वाळवंट. पण कुवेत आणि इराकच्या सीमेवर वादी-अल-बातिन नावाचा कोरडा नाला आहे, आणि कुवेतमध्ये ठिकठिकाणी ग्रॅनाइट आणि बेसाल्टचे गोटे सापडतात. कुवेतमध्ये तसला खडकच नाही. ते आले शेकडो किलोमीटर पश्चिमेच्या हिजाझच्या डोंगरातून. वाऱ्याने गोटे येत नाहीत, नदीनेच आणावे लागतात. फारूक अल-बाझ या भूशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये उपग्रहचित्रांवरून वाळूखाली गाडलेलं हे अख्खं नदीपात्र जोडून दाखवलं. आणि त्या पात्राच्या वरच्या टोकाला, मदिनेच्या बाजूला, ‘महद-अध-धहब’ नावाची सोन्याची प्राचीन खाण आहे. नावाचा अर्थच ‘सोन्याचा पाळणा’. अरबस्तानात सुगंधी डिंकही होतोच. हा डिंक म्हणजे आपल्या गुग्गुळाचाच भाऊबंद. पीशोनच्या खुणा इतक्या नीट दुसरीकडे कुठेच जुळत नाहीत.

युरिस झारिन्स या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९८० च्या दशकात हे चार धागे एकत्र बांधून आणखी पुढचं पाऊल टाकलं. तो म्हणाला, संगमाची मूळ जागा आज पाण्याखाली आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. पर्शियन आखाताची सरासरी खोली आहे अवघी ३५ मीटर. म्हणजे तेव्हा आखात नव्हतंच! तिथे एक लांब, सपाट खोरं होतं आणि त्यातून या सगळ्या नद्यांचं पाणी एकत्र वाहत होतं. नंतर बर्फ वितळला, समुद्र आत शिरला आणि सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी आजच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. कॅल्क्युलेटर काढा. आखाताची लांबी साधारण १,००० किलोमीटर, भरायला लागलेली वर्षं धरा ८,०००. सरासरी वर्षाला सव्वाशे मीटर. म्हणजे एका माणसाच्या ५० वर्षांच्या आयुष्यात समुद्र सहा किलोमीटर पुढे आला. आजोबांचं गाव नातवाला दिसलं नसेल. जेफ्री रोज या पुरातत्त्वज्ञाने २०१० मध्ये आखाताच्या या बुडालेल्या खोऱ्यात आधी मोठी वस्ती असावी असं मांडलं. आखाताच्या काठावर साडेसात हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास एकदम पक्की घरं, मातीची भांडी आणि नावा दिसायला लागतात, ते लोक आले कुठून?

पण इथे मला एक शंका आहे. ‘उत्पत्ती’चा मजकूर लिहिला गेला तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात. समुद्र थांबल्यानंतर तीन-साडेतीन हजार वर्षांनी. एवढा काळ आठवण टिकते का? टिकत असेलही, पण मग ती मधल्या कुणाच्या तरी तोंडी दिसायला हवी.

तशी ती दिसते, निदान तुकड्यांत. सुमेरियन लोकांच्या विटांवर, म्हणजे मातीच्या पाट्यांवर, दिल्मून नावाच्या पवित्र देशाची कथा आहे. तिथे सिंह मारत नाही, लांडगा कोकरू पळवत नाही, कुणी आजारी पडत नाही. फक्त गोडं पाणी नाही, ते देव जमिनीतून वर आणतो. दिल्मून म्हणजे मुख्यतः आजचं बहारीन. तिथे समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटत असत हे माहीत झालं की कथा एकदम खरी वाटायला लागते. सॅम्युएल क्रेमर यांनी १९४५ मध्ये ही कथा प्रसिद्ध केली आणि तिच्यातली एक मजेदार गोष्ट दाखवून दिली. एन्की हा देव खाऊ नयेत त्या आठ वनस्पती खातो आणि आजारी पडतो. त्याचं जे जे दुखतं त्यासाठी एकेक देवता जन्माला येते. बरगडी दुखते तेव्हा येते ‘निन्-ती’. सुमेरियनमध्ये ‘ती’ म्हणजे बरगडी, आणि ‘ती’ म्हणजे जगवणंही. बरगडीची देवी तीच जीवन देणारी देवी, असा तो श्लेष. हिब्रूमध्ये हा श्लेष जुळत नाही, पण तिथेही ईव्ह बरगडीतूनच येते आणि तिचं नाव ‘जीवन’ या शब्दाशी जोडलेलं आहे. कोटी हरवली, बरगडी राहिली!

‘एदेन’ या शब्दाचीही अशीच ओढाताण आहे. एक मत म्हणतं, तो सुमेरियन ‘एदिन’ वरून आला, अर्थ मोकळं माळरान. दुसरं मत म्हणतं, त्याचं मूळ पश्चिम सेमिटिक भाषांत, अर्थ सुबत्ता. १९७९ मध्ये सिरियात तेल फेखेरिये इथे दोन भाषांत कोरलेला एक पुतळा सापडला. त्यात हेच मूळ पाऊसपाण्याचा देव हदाद याच्यासाठी वापरलेलं आहे, सगळे देश समृद्ध करणारा अशा अर्थाने. त्यामुळे आता बहुतेकांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. म्हणजे एदेन म्हणजे मुळात ‘पाण्याची चंगळ’. मला तरी हे ऐकून बरं वाटलं. माळरानाला स्वर्ग कोण म्हणेल? ज्याने उन्हाळ्यात पाण्याची वाट बघितलीय तो भरलेल्या पाटालाच म्हणेल.

माझं मत विचाराल तर बाग खालच्या मेसोपोटेमियातच, नद्या जिथे एकमेकींच्या जवळ येतात आणि माणसं पाणी वाटून घेतात त्या पट्ट्यात. लिहिणाऱ्याने दोन नद्या पाहिलेल्या होत्या आणि दोन ऐकलेल्या. त्याच्या कानावर आलेल्या एका नदीत सोनं होतं आणि ती त्याच्या खूप आधीच आटलेली होती.

या पट्ट्यात आज अल-कुर्ना नावाचं गाव आहे, तैग्रिस-युफ्रेटिसच्या संगमावर. तिथे ‘आदमचं झाड’ म्हणून एक वठलेलं झाड दाखवतात. झाडाचं जाऊ द्या, आजूबाजूची दलदल बघा. १९७० च्या दशकापर्यंत इथे १५ ते २० हजार चौरस किलोमीटरचं पाणथळ होतं. वेताची घरं, नावा, म्हशी आणि पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमेरियन चित्रांत दिसतात तसलेच कमानदार मांडव. १९९१ च्या बंडानंतर सद्दाम हुसेनच्या सरकारने बंडखोरांना लपायला जागा राहू नये म्हणून ही दलदल सुकवली. बांध घातले, कालवे खणले, नद्या वळवल्या. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जाहीर केलं की सुमारे ९० टक्के दलदल संपली. हे बॉम्बने झालं नाही. बुलडोझर, थिओडोलाइट आणि ड्रॉइंग शीटने झालं. त्या शीटवर सही करणारा कुणीतरी सिव्हिलवालाच असणार.

आणि परत पाणी आणणाराही सिव्हिलवालाच. अझ्झाम अलवाश. वडील इराकच्या पाटबंधारे खात्यात, त्यांच्याबरोबर लहानपणी नावेतून ही दलदल फिरलेला. पुढे तो अमेरिकेत इंजिनियर म्हणून स्थिरावला. २००३ मध्ये सद्दाम गेल्यावर गावकऱ्यांनी कुदळ-फावड्यांनी बांध फोडले, पाणी आत शिरलं, आणि अलवाशने कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून त्या पाण्याचा हिशोब मांडायला घेतला. प्रकल्पाचं नाव ठेवलं ‘पुन्हा एदेन’. बराच भाग हिरवा झाला, पक्षी परतले. २०१३ मध्ये त्याला गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये युनेस्कोने या दलदलीला जागतिक वारसा म्हटलं.

पण पाणी येतं वरून, आणि वर धरणं आहेत. युफ्रेटिसवर तुर्कस्तानचं अतातुर्क धरण आहे. तैग्रिसवरच्या इलिसू धरणात २०१९ मध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली आणि २०२० मध्ये हसनकेफ हे हजारो वर्षांचं गाव बुडालं. कारूनचं पाणी इराण वरच्या वर वळवतं. पीशोन तर केव्हाच वाळूखाली. हे पाणी कुणी किती घ्यायचं याचा तुर्कस्तान, सिरिया, इराक आणि इराण या चारही देशांना बांधणारा करार आजवर झालेला नाही. वरून गोड्या पाण्याचा जोर कमी झाला की खालून आखाताचं खारं पाणी शत्त-अल-अरबमध्ये वर चढतं. २०१८ च्या उन्हाळ्यात बसरा शहरात असंच झालं. नळाला आलेल्या पाण्याने किमान १ लाख १८ हजार लोक दवाखान्यात गेले. दलदलीत पाणी खारट झालं की म्हशी आधी दूध कमी करतात, मग आंधळ्या होतात, मग मरतात; आणि म्हशीवाला नावेत सामान भरून नदीच्या वरच्या अंगाला, जिथे पाणी अजून गोडं आहे तिकडे निघतो.